आधी बॉनेट उघडा

दर दोन-तीन महिन्यांनी तुमच्या फोनवर एक व्हिडिओ येतोच. कुठल्यातरी गावातल्या माणसानं घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःच्या हातानं चारचाकी बनवलेली असते. मागं ढोल-ताशा, वर ठळक अक्षरांत ‘टॅलेंटला डिग्री लागत नाही’, खाली टाळ्यांचे इमोजी. कॅमेरा गाडीभोवती तीन फेऱ्या मारतो. चाकं कुठल्या गाडीची, सीट कुठली, खर्च किती आला, ॲव्हरेज किती देते, एवढं विचारून होतं. शेवटी मालक गाडी सुरू करतो, धूर निघतो, पोरं ओरडतात, व्हिडिओ संपतो. त्या नव्वद सेकंदांत एकदाही कुणी बॉनेट उघडून विचारत नाही, की दादा, तुमचा मेन फ्यूज कुठंय?

माझं भांडण इथूनच सुरू होतं.

२०२१ च्या डिसेंबरात देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांचा असाच व्हिडिओ देशभर फिरला. देवराष्ट्रे म्हणजे सांगली जिल्ह्यातलं, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. लोहारांनी भंगारातले भाग जमवून साधारण ६० हजार रुपयांत मुलासाठी छोटी जीप उभी केली होती आणि ती दुचाकीसारखी किक मारून सुरू व्हायची. आनंद महिंद्रांनी तो व्हिडिओ शेअर केला. गाडी कुठल्याच नियमात बसत नाही, आज ना उद्या तिला रस्त्यावर अडवतील, म्हणून तिच्या बदल्यात बोलेरो देतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. जानेवारी २०२२ मध्ये लोहारांना बोलेरो खरंच मिळाली आणि त्यांची जीप महिंद्रांच्या संग्रहात गेली. सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला.

पण जरा हिशोब मांडून बघा. एका कारागिरानं गाडी बनवली आणि तिचं सर्वांत चांगलं जे काही होऊ शकत होतं ते हे, की ती देऊन टाकून कारखान्यातली घ्यायची. उद्योगपतीची नजर पडली तर बोलेरो, नाही पडली तर जप्ती. तिसरा एक रस्ता असायला हवा होता. कुणीतरी इंजिनिअर येईल, गाडीखाली आडवा होईल, ब्रेक बघेल, वायर हातानं ओढून बघेल आणि म्हणेल, ‘ह्या सात गोष्टी बदला, मग पासिंग करून देतो.’ हा रस्ता आपल्याकडे नाही, आणि त्याची कुणाला उणीवही भासली नाही.

किकचंच घ्या. बातम्यांत ती गंमत म्हणून आली. मी वायरिंगच्या नजरेनं बघितलं तर मला त्यात शहाणपण दिसलं. गाडीत सर्वांत जास्त करंट सेल्फ खातो, म्हणजे स्टार्टर मोटर. सेल्फ मारताना शंभर अँपिअरच्या वर ओढला जातो. सेल्फच नाही म्हटल्यावर तो जाड, बिनफ्यूजचा, गाडीतला सर्वांत धोक्याचा केबलच उरत नाही. हे लोहारांनी ठरवून केलं की सोय म्हणून, ते विचारायला हवं होतं. देशभरातले कॅमेरे त्यांच्या अंगणात गेले आणि प्रश्न एकच, ‘ॲव्हरेज किती?’

मी सांगवीचा. बारामती तालुक्यातली, फलटण रस्त्यावरची, नीरेच्या काठची सांगवी. पिंपरीजवळची नव्हे, हे पुण्यात दर वेळी सांगावं लागतं. नोकरी सॉफ्टवेअरची, आठवड्यातले बरेच दिवस घरूनच. गेली दोन वर्षं आमच्या गोठ्याशेजारच्या शेडमध्ये मी एक दोन सीटची उघडी गाडी बनवतोय. फ्रेम चौकोनी लोखंडी पाइपची, पत्रा ॲल्युमिनियमचा, इंजिन भंगारात निघालेल्या मारुती ८०० चं. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, कार्बोरेटरवालं. वायरिंगमध्ये माझे गुरू म्हणजे माझे मामा. त्यांचं रस्त्याकडेला ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. दहावीनंतर शाळा नाही, पण टेस्ट लॅम्प लावून गाडीचा आजार सांगणारा त्यांच्यासारखा माणूस मी पुण्यातही बघितलेला नाही.

अशा गाडीला जगात किट कार म्हणतात. फ्रेम, बॉडी, सस्पेन्शन सुट्या भागांत घ्यायचं, इंजिन आणि गिअरबॉक्स जुन्या गाडीचा आणायचा, घरी जोडायचं. इंग्लंडात कॉलिन चॅपमनच्या लोटस सेव्हननं १९५७ पासून ही हौस घरोघरी नेली. कारण शुद्ध व्यवहारी होतं. तयार गाडीवर परचेस टॅक्स होता, सुट्या भागांवर नव्हता. आपल्याकडे अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सनं त्याच वळणाची फायबरग्लासची रोडस्टर बनवली, त्यात इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन बसवलं. म्हणजे ही परदेशी थेरं आहेत असं म्हणायची सोय नाही. कोकणात झालंय.

तर वायरिंग. लोकांना वाटतं की इंजिन बसलं, चाकं फिरली की गाडी झाली आणि वायरिंग हे शेवटच्या दोन दिवसांचं किरकोळ काम आहे. प्रत्यक्षात वेल्डिंग फसलं तर ते दिसतं. नट ढिला राहिला तर आवाज येतो. वायरिंगमधली चूक मात्र गप्प बसून राहते. गाडी चालू होते, दिवे लागतात, हॉर्न वाजतो, व्हिडिओ निघतो आणि सहा महिन्यांनी, एप्रिलच्या दुपारी, डॅशबोर्डमागून वास येतो.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. डेमोत चालणारा कोड आणि प्रॉडक्शनमध्ये टिकणारा कोड यांतलं अंतर माहीत असलेल्या माणसाला घरगुती गाडीचं वायरिंग बघून झोप येणार नाही. डेमोत सगळं सरळ चालतं. प्रश्न हा असतो, की जे व्हायला नको ते झालं तर काय होईल? वायर घासून उघडी पडली तर? कनेक्टर निसटला तर? गाडी उलटली तर?

मामांनी मला पहिल्याच आठवड्यात एक वाक्य ऐकवलं. ‘फ्यूज वस्तूसाठी नसतोय गड्या, वायरसाठी असतोय.’ हे वाक्य मला चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. दिवा जळाला तर शंभर रुपये गेले. वायर तापली तर तिच्यावरचं प्लास्टिक वितळतं, शेजारच्या वायरला चिकटतं, मग तिचंही वितळतं आणि पेट्रोलची नळी तिथून वीतभर लांब असते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची वायर कोण वाचवणार? कुणीच नाही. तेवढी वायर जितकी लांब, तितकी गाडी देवाच्या भरवशावर. माझ्या गाडीत हे अंतर एक वीत आहे. बॅटरीतून निघालेला मुख्य पुरवठा आधी ६० अँपिअरच्या फ्यूजमधून जातो, मग फ्यूज बॉक्समध्ये. तिथं प्रत्येक कामाला वेगळा फ्यूज. कॉईलला वेगळा, रेडिएटरच्या पंख्याला वेगळा, डाव्या हेडलाइटला वेगळा आणि उजव्याला वेगळा, म्हणजे रात्री एक फ्यूज गेला तरी पूर्ण अंधार होत नाही. सेल्फचा केबल मात्र इथंही बिनफ्यूजचाच आहे, जवळपास सगळ्याच गाड्यांत असतो, कारण एवढा करंट सांभाळणारा फ्यूज व्यवहारात कुणी घालत नाही. मग त्याचं रक्षण वाटेनं करायचं. आखूड ठेवायचा, सायलेन्सरच्या पाइपापासून लांब न्यायचा, पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट घालायचं आणि टोकावर रबरी टोपी.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. गाडीत प्रत्येक वस्तूला दोन वायरी लागतात, पण आपण एकच ओढतो, कारण परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा सांगाडा. इंजिन मात्र रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीनं ते सांगाड्यापासून तुटलेलं. त्याला सांगाड्याशी जोडणारी विणलेल्या तांब्याची एक पट्टी लागते. ती विसरली तरी गाडी बऱ्याचदा सुरू होते! कारण करंट परतीची दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट म्हणजे एक्सलरेटरची किंवा क्लचची केबल. मामांच्या दुकानात एक जुनी गाडी आली होती. मालकानं दोनदा क्लच केबल बदलली होती, एकदा बॅटरी. केबल दर वेळी तापून जाम व्हायची. कुठल्यातरी गॅरेजमध्ये इंजिन उतरवलं होतं आणि बसवताना ती पट्टी परत लावलीच नव्हती. मामांनी पट्टी लावली, पैसे घेतले नाहीत, फक्त मालकाला सेल्फ मारायला लावून केबलवर हात ठेवायला सांगितला.

तिसरी गोष्ट मला फार आवडते, कारण तिच्यात आजच्या पिढीचा सगळा उत्साह अडकतो. डॅशबोर्डवर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा असतो. लोकांना वाटतं तो नुसता इशारा आहे. जुन्या पद्धतीच्या डायनामोत, म्हणजे अल्टरनेटरमध्ये, त्या छोट्या बल्बमधून जाणारा थोडासा करंटच डायनामोला जागा करतो. पोरं काय करतात? डॅशबोर्ड भारी दिसावा म्हणून बल्ब काढून एलईडी लावतात. एलईडीतून पुरेसा करंट जात नाही, डायनामो जागा होत नाही, बॅटरी हळूहळू बसत जाते आणि मग दोष बॅटरीवाल्याला. उपाय दहा रुपयांचा आहे, एलईडीला समांतर एक रेझिस्टर. पण तो माहीत असायला आधी दिवा तिथं का आहे हे विचारावं लागतं.

आणि हेडलाइट. इथं थोडं गणित करतो, पळू नका. ५५ वॅटचे दोन दिवे, १२ व्होल्ट, म्हणजे मिळून साधारण ९ अँपिअर. बटणामार्गे ४ मीटर लांब, १ चौरस मिलिमीटरची वायर ओढली तर तिथंच अर्धा व्होल्टाहून जास्त गळतो. हॅलोजन दिव्याचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा खूप वेगानं पडतो, ५ टक्के व्होल्टेज गेलं की प्रकाश १५ टक्क्यांच्या आसपास जातो. हेच पुढं रिले बसवून, बॅटरीपासून १ मीटर आणि अडीच चौरस मिलिमीटरची वायर दिली, तर गळती दहा पटींनी कमी होते. बटणातून मग फक्त रिलेला जागं करण्यापुरता करंट जातो आणि बटणही तापत नाही. चार पिनांच्या त्या काळ्या डबीवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. ३० ला बॅटरी, ८७ ला दिवा, ८५ आणि ८६ मध्ये बटण. एवढं कळलं की निम्मं वायरिंग कळलं.

पंपाचं तर मी आधीच ठरवलं होतं. कार्बोरेटरवाल्या ८०० मध्ये पेट्रोलचा पंप इंजिनच्याच जोरावर चालतो. इंजिन थांबलं, पंप थांबला. इंजेक्शनवाल्या गाडीत पंप विजेचा असतो आणि कंपनीच्या गाडीत त्याचा रिले कॉम्प्युटरच्या हातात असतो. इंजिन फिरत नसेल तर तो पंप बंद करतो. आता घरी बनवणारा माणूस काय करतो? पंप सरळ चावीवर जोडतो. गाडी चालते, व्हिडिओ होतो. ती गाडी एखाद्या रात्री खड्ड्यात आडवी झाली, इंजिन बंद पडलं, तरी चावी चालू आहे तोवर पंप तुटलेल्या नळीतून पेट्रोल फेकतच राहणार. या एका जोडणीसाठी मी अशा गाडीला हातही लावू देणार नाही.

हे सगळं सांगायचं कारण असं, की आपण ज्याला ‘जुगाड’ म्हणून डोक्यावर घेतो, त्यात नेमकं हेच गाळलेलं असतं. जुगाड हा शब्दच मला आता खटकतो. गरिबाकडे साधनं नाहीत, म्हणून त्यानं निभावून नेलं, तोवर ठीक. पण आपण त्याचं तत्त्वज्ञान केलं. मॅनेजमेंटच्या स्लाइडमध्ये जुगाड, भाषणांत जुगाड. मामांसमोर कुणी जुगाड म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. त्यांच्या दुकानात वायर पिळून वर काळी टेप गुंडाळायला मनाई आहे. उन्हाळ्यात टेपचा गोंद पातळ होतो, टेप सुटते, सांधा उघडा पडतो. थिंबल घालून क्रिंपिंग करायचं, वर स्लीव्ह. डाग मारलेला सांधाही त्यांना चालत नाही, कारण जिथं डाग संपतो तिथं वायर कडक होते आणि इंजिनच्या थरथरीनं तिथंच तुटते. घराच्या फिटिंगची वायर गाडीत नाही. उसाच्या कडेला राहणारे आम्ही, म्हणून उंदरांसाठी सगळ्या वायरी नळीतून. या माणसाच्या कामाला जुगाड म्हणणं हा त्याचा अपमान आहे. आणि दुसऱ्या बाजूला, चावीवर पंप जोडणाऱ्यालाही आपण तोच शब्द त्याच प्रेमानं वापरतो. काळजीपूर्वक केलेलं आणि कसंतरी केलेलं, दोन्हीला एकच टाळी.

आता कायद्याकडे येऊ. तोही बॉनेट उघडत नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. कलम ३९ म्हणतं, नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक जागी चालवायचं नाही. कलम ५२ म्हणतं, कंपनीनं दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळं होईल असा बदल करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १८२ अ आणलं. त्यात मालकानं असा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. केंद्रीय नियमांतला १२६ वा नियम सांगतो की उत्पादकानं नमुना गाडी चाचणी संस्थेकडून तपासून घ्यावी. उत्पादकानं. म्हणजे हजारो गाड्या काढणाऱ्यानं. एकच गाडी बनवणारा माणूस या चौकटीत कुठंच नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उत्तरेतल्या ‘जुगाड’ गाड्यांबद्दल सांगितलं की तेही मोटार वाहनच आहे, नोंदणीशिवाय रस्त्यावर नको. निकाल योग्य होता. पाण्याच्या पंपाचं इंजिन लावलेल्या गाडीवर वीस माणसं बसवणं मला मान्य नाही. पण निकालानंतरचा प्रश्न आपण विचारलाच नाही. नोंदणी हवी, कबूल. ती द्यायचं दार कुठंय?

गंमत बघा. देशात गाड्या तपासणाऱ्या ज्या मोजक्या संस्था त्या नियमात आहेत, त्यातल्या तीन आमच्यापासून दोन-तीन तासांवर. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय, भोसरीत सीआयआरटी आणि अहिल्यानगरला व्हीआरडीई. बारामती एमआयडीसीत पियाजिओच्या तीनचाकी बनतात. तिथं वायरिंगचा प्रत्येक कनेक्टर असा असतो की चुकीच्या जागी बसतच नाही. म्हणजे वायरिंग कसं असावं हे माहीत असलेली माणसं आमच्या पंचक्रोशीत ढिगानं आहेत. फक्त ती माणसं आणि माझी शेड यांना जोडणारी वायर कुणी टाकलेली नाही.

आणि जे पास आहे, ते कसं आहे? ऊसतोडीच्या हंगामात रात्री नऊनंतर फलटण-बारामती रस्त्यावर या. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्हींवर उसाचा डोंगर. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीला जोडणारा दिव्यांचा प्लग बऱ्याचदा हुकाला लोंबकळत असतो, कारण ट्रॉली वळताना वायर ताणून तुटली आणि कुणी परत जोडली नाही. मागचे दिवे नुसते शोभेला. समोरून येणाऱ्याच्या हेडलाइटनं डोळे दिपलेले असताना दुचाकीवाला त्या अंधारात घुसतो. आमच्या भागातल्या कुणालाही विचारा, एक तरी नाव सांगेल. त्या ट्रॉलीला कागद आहेत. दिवा नाही, पण कागद आहेत. दोष मी ट्रॅक्टरवाल्या पोरावर टाकत नाही, तो तीन खेपांच्या हिशोबात झोपेविना चाललेला असतो. मी एवढंच म्हणतो की ज्या व्यवस्थेला तुटलेल्या वायरीची ती ट्रॉली चालते आणि चौदा फ्यूजची माझी गाडी चालत नाही, तिनं मला सुरक्षिततेचं कारण सांगू नये.

हीच कथा नव्या चकचकीत गाड्यांची. शोरूममधून आणलेली गाडी दुसऱ्या दिवशी ॲक्सेसरीच्या दुकानात जाते. फॉग लाइट, मोठा हॉर्न, सीटखाली निळे दिवे. कंपनीची वायर मध्येच सोलून त्यावर नवी पिळली जाते, फ्यूज नाही, रिले नाही. मामांकडे दर महिन्याला अशी एखादी गाडी वास येतो म्हणून येते. कलम ५२ चं पुस्तक तिथं कधी पोचल्याचं मी ऐकलेलं नाही.

कायद्याला नवं दार काढता येत नाही असंही नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आणली, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, नव्या नोंदणीची फी २० हजार. अशा गाड्या रोज चालवता येत नाहीत, प्रदर्शन, रॅली वगैरेपुरत्याच. म्हणजे सरकारला मुठभर हौशी लोकांसाठी वेगळा वर्ग करता येतो. फक्त ते हौशी लोक ब्यूक आणि रोल्स-रॉईस बाळगणारे हवेत, पाइप वेल्ड करणारे नकोत.

कॉलेजात असेपर्यंत तर आपण हे रीतसर करतो! बाहा एसएईइंडिया ही स्पर्धा २००७ पासून चाललीय. महाराष्ट्रातल्या कितीतरी इंजिनिअरिंग कॉलेजांची पोरं स्वतः फ्रेम बनवून खडबडीत रस्त्यावर चालणारी गाडी घेऊन जातात. मीही आमच्या कॉलेजच्या टीममध्ये होतो. तिथं टेक्निकल इन्स्पेक्शन असतं. दोन किल स्विच हवेत, एक चालवणाऱ्याच्या हाताशी, दुसरा बाहेरून कुणालाही दाबता येईल असा. ब्रेक लाइट लागला पाहिजे. परीक्षक वाकून, हात घालून बघतात आणि नाही पटलं तर गाडी परत पाठवतात. वीस-एकवीस वर्षांच्या पोरांनी बनवलेली गाडी तपासता येते, चुका काढता येतात, दुरुस्त करून परत आणता येते, हे आपण दरवर्षी सिद्ध करतो. डिग्री हातात आली की ही सोय संपते. आणि ज्यानं डिग्री घेतलीच नाही, त्या मामांसाठी ती कधी नव्हतीच.

ब्रिटनमध्ये याला इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल म्हणतात. एका माणसाची एक गाडी, एक तपासणी. दिवे, ब्रेक, धूर, सीटबेल्ट, बाहेर आलेल्या टोकदार कडा. नापास झालात तर कारणांची यादी मिळते, दुरुस्त करून पुन्हा जायचं. तिथल्या गॅरेजांत काही जादू नाही. फक्त तिथं ‘नाही’च्या सोबत ‘का’ मिळतं.

मी हे बोललो की तीन आक्षेप येतात. पहिला, असं दार उघडलं तर देशभरातून कचरा रांगेत उभा राहील. राहू दे की! तो कचरा आत्ताही शेतरस्त्यांवर आणि रात्रीच्या डांबरीवर चालतोच आहे, फक्त कुणी बघत नाही. रांगेत आला तर निदान कुणाच्या तरी नजरेखालून जाईल. दुसरा आक्षेप, तपासायला माणसं कुठून आणणार. वर सांगितलं, एआरएआयच्या टेकडीपासून बारामती एमआयडीसीपर्यंत माणसंच माणसं आहेत, आणि अशा गाड्या वर्षाला हजारांनी येणार नाहीत. फी घ्या. व्हिंटेजवाल्यांकडून २० हजार घेता, आमच्याकडूनही घ्या. तिसरा आक्षेप खरा वजनदार आहे. अपघातात समोरच्याला लागलं तर? तुमची हौस, त्याचा पाय. याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही आणि असू नये. म्हणूनच ताशी वेगाची मर्यादा घाला, महामार्गावर बंदी घाला, दर दोन वर्षांनी फेरतपासणी ठेवा, विमा महाग करा. पाहिजे तर नंबरप्लेटचा रंग वेगळा द्या, लोक लांबूनच सावध होतील. या सगळ्या अटी मला मंजूर आहेत. मंजूर नाही ते एवढंच, की न बघता दिलेला नकार.

न बघता दिलेली टाळीही तशीच. फोनवरचा व्हिडिओ आणि आरटीओचं कलम, दोघंही लांबूनच गाडी बघतात. एक म्हणतो वा, दुसरा म्हणतो हट. दोघांनाही रिलेचे आकडे वाचायचे नाहीत. टाळी मिळाल्यावर बनवणाऱ्याला वाटतं काम झालं. नकार मिळाल्यावर वाटतं, कसंही केलं तरी नाहीच म्हणणार, मग कशाला ग्रोमेट घाला. दोन्ही वाटांनी वायरिंग वाईटच होत जातं. मी स्वतः गेल्या दोन वर्षांत कितीदा हा विचार मोडून काढलाय, की ही गाडी तर आपल्याच रानात विहिरीपर्यंत जाणार, मग चौदा फ्यूज कशाला. मामा तेव्हा काही बोलत नाहीत. नुसतं पुढचं थिंबल हातात देतात.

गावातल्या पोरांनी गाडी बनवायला सुरुवात केली की त्यांचे व्हिडिओ माझ्याकडेही येतात, ‘भाऊ शेअर कर’ म्हणून. मी आता सगळ्यांना एकच उत्तर पाठवतो. बॅटरी ते पहिला फ्यूज, या अंतराचा फोटो पाठव, मग शेअर करतो. बरेच जण चिडून ब्लॉक करतात. दोघांनी फोटो पाठवले. त्यातल्या एकानं मेन फ्यूज डॅशबोर्डमध्ये लावला होता, बॅटरीपासून दोन मीटर लांब. आठवड्यानं त्यानं दुसरा फोटो पाठवला, फ्यूज बॅटरीच्या पेटीवर. तो व्हिडिओ मी शेअर केला.

माझी गाडी आज पांढरी, बिननंबरची, शेडमध्ये उभी आहे. तिला एमएच ४२ लागावा अशी माझी इच्छा आहे, पण ते बाजूला ठेवू. मला आधी कुणीतरी तपासणारा हवाय. सकाळी लवकर यावं, दुपारी पत्रा तापतो. बॉनेटला दोनच क्लिप आहेत. किल स्विच डाव्या बाजूला बाहेर आहे, लाल, बाहाच्या नियमाप्रमाणे. इंजिनची अर्थिंग पट्टी वरूनच दिसेल अशी लावलीय. वायरिंगचा नकाशा चार पानांचा आहे, प्रत्येक वायरीचा रंग, जाडी आणि फ्यूज लिहिलेला, लॅमिनेट करून डॅशबोर्डखाली ठेवलाय. पहिली प्रत इंग्रजीत होती. मामांना वाचता यावी म्हणून दुसरी मराठीत केली, आणि त्यांनी त्यात लाल पेननं अकरा ठिकाणी खुणा केल्या आहेत. तपासायला येणाऱ्यानं तीच प्रत बघावी.